लाभ, दोन, तीन

“चार,” पौर्णिमा म्हणाली, आणि नेमकं त्याच वेळी तिच्या बाजूला उभ्या आशाबाई म्हणाल्या, “तीन.”

काउंटरवरच्या मुलीने विचारलं होतं ते एवढंच, की मॅडम, घरात माणसं किती. आता यात अवघड ते काय? रेशनवाला हेच विचारतो, शिरगणतीची बाई हेच विचारते. पण सासू-सुना एका दमात दोन वेगळे आकडे बोलल्या आणि ती मुलगी, आरती तिचं नाव, छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलंच होतं, पेन हातात धरून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिली. बडनेऱ्याच्या रस्त्यावर हे घाऊक दुकान नवंच उघडलं होतं. दुकान कसलं, आत चार लग्नं एकदम लागतील एवढी पत्र्याची शेड. पोत्याने तांदूळ, पिंपाने तेल, खोक्याने साबण. सुटं काही नाही, आणि वर्षाची फी भरून सभासद झाल्याशिवाय खरेदीही नाही. नुसतं पाहून जायला मात्र एक दिवसाचा फुकट पास होता. “तिघांना काही परवडत नाही मॅडम, खरं सांगून राहिली मी,” आरती म्हणाली. “सामान पडून राहते, फी वाया जाते, अन् मग लोक मलेच बोलतात. चौघं असले तर बेलाशक घ्या. आत फिरून या ना आरामात. मग सांगा, तीन का चार.” तिला काय माहीत, बिचारीला! पौर्णिमेला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

कारण आशाबाई हिशेबाला कच्च्या नव्हत्या. पौर्णिमा, तिचा नवरा अंकुर आणि लेक अपेक्षा, झाले तीन. चौथ्या त्या स्वतः, अंकुरची आई. मागल्या वर्षी नत्थुजी गेले, दर्यापूरची जमीन पुतण्याला, बंडूला बटईने, अर्ध्या वाट्याने, दिली, घराला कुलूप लागलं आणि दिवाळीपासून आशाबाई साईनगरला अंकुर-पौर्णिमेच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. राहायला आल्या असं पौर्णिमा समजत होती. परवा गॅलरीत ओले कपडे झटकताना तिच्या कानावर आशाबाईंचा फोन पडला. पलीकडे दर्यापूरच्या शेजारीण मनकर्णाबाई असाव्यात. “मृग लागला का येतोच मी,” आशाबाई सांगत होत्या, “नाई वं, तरास काईच नाई. सून सोन्यावानी हाय. पन पाहुन्यानं किती दिस राहाव?” पौर्णिमा तो ओला टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिली, पाणी पायांवर गळत होतं. अंकुरला तिने काही सांगितलं नाही. अंकुर म्हणजे काय, “आई, काहीच्या बाही बोलू नको!” असं ओरडला असता, आशाबाई हसून चूप बसल्या असत्या, आणि मृगाला मुकाट पिशवी भरून दर्यापूरच्या गाडीत बसल्या असत्या. ओरडून कुणी राहत असतं का?

तेव्हा या कोठारात (आशाबाईंनी त्या इंग्रजी पाटीचं बाहेरूनच ‘कोठार’ करून टाकलं होतं) पौर्णिमेने त्यांना आज आणलं ते काही स्वस्ताईसाठी नव्हे. ती कॉलेजात पोरांना हिशेबशास्त्र शिकवते. काल संध्याकाळी तिने सगळं मांडून पाहिलं होतं आणि उत्तर स्वच्छ होतं, की नाही परवडत. तिघांना नाही, चौघांनाही जेमतेमच. पण कार्ड वर्षाचं होतं. वर्षाचं! वर्षात मृग येतो, पोळा येतो, दिवाळी येते, संक्रांत येते आणि फिरून आंबे येतात. आशाबाई एकदा ‘घे’ म्हणाल्या की वर्षभर हललं नाही कुणी. तिला सरळ ‘आई, जाऊ नका’ म्हणता येत नव्हतं, म्हणून तिने हा आडवळणाचा रस्ता काढला होता. आणि रस्त्याच्या तोंडाशीच आशाबाईंनी ‘तीन’ म्हणून धोंडा ठेवला. बरं, त्या काही रागाने म्हणाल्या नव्हत्या. हाच तर घोर होता. ‘आज बुधवार’ म्हणावं तशा म्हणाल्या होत्या.

ट्रॉलीचं एक चाक खडखडत होतं. बाहेर मे महिना नुसता पेटलेला, आणि आत गार, गुळाचा, तागाचा, ओव्याचा वास. वास आला आणि पौर्णिमा एकाएकी अकोल्यात जाऊन पोचली, जुन्या शहरात, मोर्णेच्या पुलापलीकडच्या बोळात, वडिलांच्या दोन खोल्यांत. हरिहरशास्त्री भिक्षुकी करत. ज्या घरी पूजा, त्या घरचा शिधा उपरण्यात बांधून आणत आणि आई, ताराबाई, तो सगळा एकाच डब्यात ओती. वकिलांकडचा बारीक तांदूळ, तेल्याकडचा जाडा, कुणाचा जुना, कुणाचा परवा गिरणीतून आलेला. त्याचा भात कधी एकसारखा शिजत नसे. काही शितं लोण्यासारखी मऊ, काही दाताखाली कचकन लागणारी. “सगळ्या गावाचा भात आहे बाई आपला,” आई म्हणे, आणि खरंच मजेने म्हणे. पण तांदूळ काढायच्या आधी ती माणसं मोजायची. बोटांच्या पेरांवर, ओठ हलवत. अवचित कुणी आलं तर वरणात तांब्याभर पाणी. पौर्णिमेला त्या पातळ वरणाची चव आजही आवडते, लाज नाही तिला त्याची. पण त्या ओठ हलण्याची तिने धास्ती घेतली होती. दारात पाहुणा दिसला की आईचे ओठ हलायचे. पुढे हिशेबातच तिने पदव्या घेतल्या. अंकुर चिडवतो, “तुहे ओठ हलून राहिले पाह्य.” ती हात तोंडाशी नेते, तर खरंच हलत असतात.

आणि मग दर्यापूर. लग्न होऊन ती पहिल्यांदा गेली ती तुरीच्या दिवसांत. अंकुर पाटलाचा, ही भटाची, दोन्हीकडे थोडी धुसफूस झाली होती, तेव्हा सुनेला कसं वागवतात हे पाहायला आळीतल्या बायका टपूनच होत्या. आशाबाईंनी काय करावं? दुसऱ्याच दिवशी तिला खळ्यावर नेली. काळ्या जमिनीवर तुरीची पिवळी रास, नत्थुजी पायली घेऊन बसलेले, आणि आशाबाई म्हणाल्या, “आज मोजनी नव्या सुनेच्या तोंडानं होऊ द्या.” केवढा मान! पौर्णिमा ऐटीत पुढे झाली, सँडल घालून थेट राशीजवळ, तर बायकांत कुजबुज. तिने घाईने सँडल काढले. नत्थुजींनी पायली भरली, पोत्यात ओतली, आणि ही वाणिज्य शाखेची पदवीधर खणखणीत आवाजात म्हणाली, “एक!” नत्थुजींचा हात तसाच अधांतरी. मग आशाबाई तिच्या कानाशी येऊन म्हणाल्या, “एक नाई म्हनत, बाप्पा. लाभ म्हन. लाभ, मंग दोन, मंग तीन.” “काहून?” तिने विचारलं, आयुष्यातलं पहिलं ‘काहून’ असावं ते तिचं. “एक म्हटलं का ते एकटं पडते,” आशाबाई म्हणाल्या. “लाभ म्हटलं का त्याच्यामांगून येते. अन् मोजता मोजता मदी थांबू नको, रास थांबते.” तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. लाभ, दोन, तीन. मोजता मोजता गळा सुकला, ऊन डोक्यावर आलं, पण थांबली नाही. आणि रास संपली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण इतकं मोजलं आणि एकदाही भीती वाटली नाही.

त्याच दिवशी तिच्या हेही ध्यानात आलं की या घरात दाणे मोजतात, माणसं मोजत नाहीत. पंगतीला किती, हा प्रश्नच नाही. आशाबाईंचा हात पिठाच्या डब्यात जाई आणि येईल तेवढ्यांना पुरे. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यांना माणसं मोजताना पौर्णिमेने कधी पाहिलं नव्हतं. आणि आज मोजली. मोजली ती मोजली, स्वतःला बाजूला ठेवून मोजली.

“आई, ही दाळ पाहा बरं,” म्हणून ती मागे वळली, तर मागे आशाबाई नव्हत्याच. ट्रॉली वळवून ती आल्या वाटेने परत गेली. धान्याच्या ओळीच्या तोंडाशी दोन चपला काढून ठेवलेल्या, अंगठ्यापाशी झिजलेल्या, नीट भिंतीकडे टाचा करून, जशा देवळाबाहेर ठेवतात. आणि आत, दोन्हीकडे छतापर्यंत पोत्यांच्या थप्प्या आणि मधून आशाबाई अनवाणी चाललेल्या. नऊवारीचा ओचा सावरलेला, मान वर, एकेका पोत्यावर तळहात टेकवत. गोठ्यातल्या गाईंच्या पाठीवरून हात फिरवावा तसा. पौर्णिमेने सहा महिन्यांत त्यांना असं चालताना पाहिलं नव्हतं. फ्लॅटमध्ये त्या भिंतीच्या कडेने चालत. चहा करायचा तर विचारत, “मांडू का वं?” साखरेच्या डब्याचं झाकण परवानगी घेतल्यासारखं उघडत. आणि डब्यात तरी काय? फोनवरून मागवलेली अर्ध्या किलोची पुडी, दहा मिनिटांत दारात. निवडायचं काही नाही, वाळवायचं काही नाही, पाखडायचं काही नाही. खंडीने धान्य भरणाऱ्या बाईला आपण सहा महिने पुड्या फाडायला बसवलं, हे पौर्णिमेला त्या थप्प्यांच्या तोंडाशी उभं राहून कळलं, आणि तिला स्वतःच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली. आई गं! आणि आपण समजत होतो, आराम देऊन राहिलो.

एक क्षण ती घुटमळली. दोन बायका फिनाइलची खोकी बघत होत्या. मग तिने सँडलचे पट्टे सोडले, आपले सँडल त्या चपलांशेजारी टेकवले आणि ट्रॉली ढकलत आत पाऊल टाकलं. फरशी अशी गार लागली की तळव्यातून थेट डोक्यात गेली. ती लहान मुलीसारखी हसली.

“आली का?” मागे न पाहताच आशाबाई म्हणाल्या. “हे पाह्य. तूर चांगली हाय.” नमुन्याच्या ताटातला दाणा त्यांनी दाताखाली फोडला. “कटकन फुटली. वाळली हाय. तांदूळ मातर नवा हाय, भात चिकट होईन. अन् हा गहू कोनं भरला? गोटा हाय याच्यात.” एक मुनीमासारखा दिसणारा गृहस्थ गव्हाच्या पोत्यावर टेकून फोनवर बोलत होता, त्याच्याकडे पाहून त्या म्हणाल्या, “ओ भाऊ, उठा. लक्ष्मीवर बसून राहिले तुमी.” तो गृहस्थ दचकून उठला, सॉरी म्हणाला, आणि जाता जाता त्यानेही आपल्या बुटांकडे पाहिलं. पौर्णिमेला हसू आवरेना. आशाबाईंचा चेहरा असा उजळला होता की पाहत राहावं.

“घ्यायचं का मग कार्ड?” तिने विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला, पण तो जरासा चढलाच.

“माल चांगला हाय. पन तुमाले तिघायले काय करायचा एवढा?”

पुन्हा तीन. आता मात्र पौर्णिमेने ट्रॉली थांबवली. खडखडणारं चाक गप्प झालं. “आई, तिघं काहून म्हणता तुम्ही? मी ऐकलं परवा. मनकर्णाबाईंशी बोलत होत्या तुम्ही.”

आशाबाईंनी तळहातावरचे दाणे परत ताटात टाकले, एकही खाली पडू न देता. “आयकलं त आयकलं,” त्या म्हणाल्या. “खोटं काय हाय त्याच्यात? तू चांगली हायस. अंकुर चांगला हाय. पन मी तिथं नुसती बसतो वं. जिथं आपन काई भरत नाई, ते घर आपलं नसते. तिथं आपन पाहुने.”

एवढंच. तक्रार नाही, डोळ्यांत पाणी नाही. पौर्णिमेच्या मनात मात्र सगळं एकदम ढवळून निघालं, मोर्णेकाठचा तो डबा, कचकन लागणारी शितं, आईचे हलणारे ओठ, स्वतःचे हलणारे ओठ. आणि जे सहा महिने जिभेवर आलं नव्हतं ते साबणाच्या आणि गव्हाच्या वासात सरळ बाहेर पडलं. “आई, मले भरलेलं घर पाहिजे,” ती म्हणाली. “मी भरलेलं घर पाहिलं ते तुमच्याचकडे पाहिलं. मले पुड्या आणता येतात, भरता नाही येत. एरंडेल किती लावायचं, ऊन किती दाखवायचं, कडुनिंबाचा पाला खाली टाकायचा का वर, मले कोणी शिकवलंच नाही. मी नुसती मोजत असते. माही पोरगी मोजायला लागली आहे आता. काल म्हणे, मम्मी, मैत्रीण आली तर आइसक्रीम पुरेल का? आठ वर्षांची आहे ती!” बोलता बोलता तिचा आवाज फाटला आणि तिला रडायच्या ऐवजी हसू आलं, कारण फिनाइलवाल्या बायका खोकी सोडून आता हिच्याकडे बघत होत्या, आणि ती भर दुकानात अनवाणी उभी राहून सासूला तूर भरायला शिकवा म्हणत होती.

आशाबाईंनी एका पोत्याचं शिवलेलं तोंड बोटांनी चाचपून पाहिलं. मग छताकडे पाहिलं, मग सुनेच्या पायांकडे. तिचे पाय उघडे आहेत हे त्यांनी आत्ताच पाहिलं असावं, कारण त्यांच्या ओठाची एक कड हलली.

“तुमच्या त्या बिल्डिंगच्या गच्चीची किल्ली कोनापाशी असते वं?” त्यांनी विचारलं.

“गच्चीची? वॉचमनपाशी. काहून?”

“मांगून घेजो. मे सरला का ऊन भेटत नाई.”

पौर्णिमेला या वाक्यावर उडी मारावीशी वाटली. पण तिने मारली नाही, कारण आशाबाईंच्या होकाराला फार बोट लावलं की तो मागे सरतो, हे ती जाणून होती. नुसतं “हाव” म्हणाली. दोघी वळल्या, ओळीच्या तोंडाशी आल्या, आणि पाहतात तर चपला गायब. ना झिजलेल्या, ना पट्ट्यांच्या. नुसती चकचकीत फरशी. “अगंबाई!” पौर्णिमा म्हणाली. “नेल्या काय वं कोनं?” आशाबाई म्हणाल्या, “माह्या चपला नेऊन तो काय राजा होईन?” तेलाच्या पिंपांमागे पाहिलं, झाडूंच्या गठ्ठ्यामागे पाहिलं. आशाबाई ओणवून लोणच्याच्या बरण्यांखाली डोकावल्या, पौर्णिमा दुसऱ्या बाजूने, आणि खालच्या फळीच्या फटीतून दोघींची नजरानजर झाली. मग जे हसणं सुटलं ते सुटलंच. आशाबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या, खांदे हलत होते, नत्थुजी गेल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. “उठव वं मले,” त्या म्हणाल्या, “माहे गुडघे अटकले.” तिने त्यांना उठवलं, तर दोघी पडता पडता वाचल्या. तेवढ्यात वरच्या भोंग्यातून आवाज आला: “धान्य विभागाच्या तोंडाशी चपलांचे दोन जोड मिळाले आहेत. ज्यांचे असतील त्यांनी काउंटरवर यावं.”

काउंटरवर आरतीने वर्तमानपत्र पसरून त्यावर दोन्ही जोड मांडून ठेवले होते, बक्षिसासारखे. “तुमच्या आहेत?” तिने डोळे मोठे केले. “इथं कशाला काढल्या हो आजी? हे काय देऊळ आहे?”

“धान्य हाय ना आत,” आशाबाई म्हणाल्या. त्यांना यापेक्षा जास्त सांगायची गरज वाटली नाही.

आरतीने मान हलवली, पटल्यासारखी. मग पेन उचललं. “बरं, मग ठरलं का मॅडम? माणसं किती लिहू?”

पौर्णिमेच्या मागे चार जण रांगेत होते. कुणाच्या तरी ट्रॉलीत पोर रडत होतं. तिचे ओठ हलायला लागले, तिला जाणवलं, जुन्या सवयीने, आतल्या आत. आणि तिने ते हलणं थांबवलं. मोजायचंच आहे ना? मग मोठ्याने मोजू. तिने बाजूला उभ्या असलेल्या आशाबाईंच्या खांद्यावर तळहात ठेवला, पोत्यावर ठेवावा तसा पुरता, आणि खळ्यावरच्या खणखणीत आवाजात म्हणाली, “लाभ.”

पुढे तिला बोलता येईना. आरती पेन धरून थांबली, रांग थांबली. तिच्या हाताखालचा खांदा दूर झाला नाही. आशाबाई समोर पाहत होत्या, आरतीच्या मागच्या कॅलेंडरकडे, डोळे न मिटता.

“थांबू नको वं मदी,” त्या हळूच म्हणाल्या. “रास थांबते.”

“दोन,” पौर्णिमा म्हणाली, हात स्वतःच्या छातीवर. “तीन, अंकुर. चार, अपेक्षा.”

“चार ना?” आरती लिहायला वाकली.

“पाच लिव,” आशाबाई म्हणाल्या.

“पाचवं कोण आहे आजी?”

“येईन ना कोनी,” आशाबाई म्हणाल्या, आणि वर्तमानपत्रावरच्या आपल्या चपला उचलून त्यांनी खाली जमिनीवर ठेवल्या. “घर म्हटलं का कोनी न कोनी येतेच.”

आरतीने पाच लिहिलं.